अंजिराच्या पानांचं बेक केलेलं कस्टर्ड: पान दुधात, अंडं ओव्हनमध्ये

पर्णिका

अंजिराच्या झाडाजवळ ऐन उन्हात उभं राहिलं की एक वास येतो. तो फळाचा नसतो, पानाचा असतो. ओलं खोबरं, वाळलेलं गवत आणि किंचित व्हॅनिला यांच्या मधलं काहीतरी. हा वास दुधात आणि क्रीममध्ये इतका छान उतरतो की कस्टर्डमध्ये दुसरा कुठलाही स्वाद घालावासा वाटत नाही. म्हणून हा धागा. पाककृती अंजिराच्या पानाची देते आहे, पण चर्चा कुठल्याही पानाची करू या.

आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पानाचं काम आणि अंड्याचं काम ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना लागणारी आचही वेगळी आहे. पानाला चांगली कडक उष्णता, वर झाकण आणि मुरायला वेळ लागतो. अंड्याला मंद, एकसारखी आच लागते आणि ठरावीक तापमानाच्या पुढे ते एक मिनिटही थांबत नाही. वाटीत कस्टर्ड ओतून वर एक पान तरंगत ठेवायचं आणि ओव्हनमध्ये सरकवायचं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. त्यात पानाचा वास धड उतरत नाही, आणि पानाखालचा भाग जिथे चिकटतो तिथे पृष्ठभाग फाटतो. पान पूर्ण मुरवा, गाळा, पिळा, टाकून द्या. मगच अंड्याला हात लावा.

साहित्य (साधारण १२० मिलीच्या ५ वाट्या): क्रीम ३०० मिली (३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेलं), सायीचं दूध २०० मिली, अंड्यांचे पिवळे बलक ५, साखर ७५ ग्रॅम, चिमूटभर मीठ, अंजिराची मध्यम आकाराची ५ कोवळी पण पूर्ण उघडलेली पानं.

पानं धुऊन अगदी कोरडी पुसा. देठ काढून टाका, चीक तिथेच जास्त असतो. ओव्हन १५० अंशांवर तापवून पानं जाळीवर ५ ते ८ मिनिटं ठेवा. कडा कुरकुरीत व्हायला हव्यात, पण रंग तपकिरी होता कामा नये. खोबऱ्याचा वास घरभर सुटला की झालं.

आता महत्त्वाची पायरी. दूध आणि क्रीम एकत्र करून उकळीच्या अगदी जवळ न्या, कडेला बुडबुडे दिसू लागले पाहिजेत. मग पानं हाताने चुरडून त्यात टाका, दोन मिनिटं तशीच आच ठेवा, गॅस बंद करा आणि घट्ट झाकण लावा. तीस मिनिटं उघडून बघू नका. वास देणारी द्रव्यं उडून जाणारी असतात, झाकण उघडलं की ती आधी आपल्या नाकात जातात आणि कस्टर्डला मुकतात.

पानं गरम दुधातच घालायची, थंडात नाही, याला कारण आहे. अंजिराच्या चिकात फिसिन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. दूध विरजायला, चीज करायला हा चीक हजारो वर्षांपासून वापरला गेला आहे. पानं थंड दुधात टाकून सावकाश तापवलं, तर ५०-६० अंशांच्या टप्प्यात या एन्झाइमला अगदी मनाजोगतं वातावरण मिळतं आणि दूध फाटतं. उकळीजवळच्या दुधात पान पडलं की एन्झाइम काही करण्याआधीच निकामी होतं. पानं भाजल्याने मदत होते, पण केवळ भाजण्यावर विसंबू नका.

तीस मिनिटांनी गाळून पानं चमच्याने दाबून पिळा. मग दूध पुन्हा मोजा! पानं बरंच दूध पिऊन बसतात आणि थोडं आटतंही. जेवढं कमी भरेल तेवढं साधं दूध घालून ५०० मिली पूर्ण करा. ही पायरी बहुतेक पाककृतींत लिहिलेली नसते, आणि मग कस्टर्ड एकदा घट्ट, एकदा सैल का होतं ते कळत नाही.

बलक, साखर आणि मीठ एकत्र ढवळा. फेटू नका, फेस नको आहे. दूध कोमट-गरम असताना आधी थोडं, मग उरलेलं बारीक धारेने घाला. बारीक गाळणीतून गाळा, वरचा फेस चमच्याने काढा आणि वाट्यांत ओता.

खोल ट्रेमध्ये जाळी, त्यावर वाट्या, आणि वाट्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी. ओव्हन १५० अंश, पंखा बंद, ३५ ते ४० मिनिटं. वेळ ही फक्त अंदाजाची गोष्ट आहे, खरं सांगतं ते तापमान. मध्यभागी ७७ ते ७९ अंश झालं की बाहेर काढा. थर्मामीटर नसेल तर वाटी हलकेच हलवून बघा. कडा स्थिर आणि मध्यभाग एकसंध थरथरणारा हवा. मध्यभागी पाण्यासारख्या लाटा उठत असतील तर अजून थांबा. बाहेर काढल्यावर वाट्या लगेच पाण्यातून उचला, नाहीतर शिजणं चालूच राहतं. गार झाल्यावर फ्रिजमध्ये किमान ४ तास.

---

मंदआच

फार दिवसांनी इतकी कारणांसकट पाककृती वाचली. दूध पुन्हा मोजण्याचा मुद्दा लाखमोलाचा.

एक प्रश्न. ट्रेच्या तळाशी जाळीऐवजी जाड फडकं घालतात तेही चालेल ना? आणि पूर्ण ट्रे वरून फॉइलने झाकला तर वर साय धरणार नाही, असं वाचलं होतं.

---

पर्णिका

@मंदआच, फडक्याबद्दल दोन्ही बाजूंचं बोललं जातं. मी जाळीच्या बाजूने आहे. फडक्यामुळे वाटीच्या बुडाखालचं पाणी खेळतं राहत नाही, तिथेच अडकून तापत राहतं, आणि खालचा थर वरच्यापेक्षा आधी शिजतो. जाळीखाली पाणी फिरतं राहतं.

पूर्ण ट्रे झाकण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. वॉटर बाथ कसं काम करतं ते बघा. ओव्हन १५०-१६० अंशांवर असला तरी उघड्या ट्रेमधलं पाणी उकळत नाही, कारण पृष्ठभागावरून सतत वाफ निघून जाते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. पाणी ८०-८५ च्या आसपास टिकतं, म्हणजे कस्टर्डला हवं तिथेच. ट्रे फॉइलने बंद केला की वाफ अडकते, पाणी उकळीकडे जातं, आणि वॉटर बाथ लावण्याचा हेतूच संपतो. साय नको असेल तर प्रत्येक वाटीवर वेगळं छोटं फॉइल लावा, ट्रे उघडाच ठेवा.

---

वनस्पतीनाद

धागा आवडला. वनस्पतींच्या अंगाने थोडी भर घालतो, कारण पानांचा विषय निघाला की कुणीतरी बागेतलं कुठलंही सुवासिक पान दुधात टाकून बघणारच.

पहिलं म्हणजे अंजिराचा चीक. त्यात फ्युरोकुमारिन गटातली द्रव्यं असतात, सोरालेन आणि बर्गाप्टेन. चीक कातडीला लागला आणि त्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखे चट्टे आणि फोड येऊ शकतात. पानं संध्याकाळी तोडावीत, हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. लहान मुलांना हे काम देऊ नये. पानं मुरवून काढून टाकायची आहेत, वाटून कस्टर्डमध्ये घालायची नाहीत, हेही स्पष्ट लिहून ठेवतो.

दुसरं जास्त गंभीर आहे. इंग्रजीत ज्याला नुसतं लॉरेल म्हणतात त्यात दोन झाडं येतात. एक खरं बे लॉरेल, म्हणजे लॉरस नोबिलिस. त्याची पानं कस्टर्डमध्ये निर्धास्त वापरता येतात. दुसरं चेरी लॉरेल, प्रूनस लॉरोसेरासस. शोभेचं कुंपण म्हणून लावतात. त्याचं पान चुरडलं की बदामाचा मोहक वास येतो, आणि इंग्लंडमध्ये एके काळी स्वयंपाकी त्याच वासासाठी ते कस्टर्डमध्ये घालत. पण तो वास ज्या प्रक्रियेतून तयार होतो, त्याच प्रक्रियेतून हायड्रोजन सायनाइडही सुटतं. लंडनमध्ये काम करणारा जर्मन रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक अक्कम याने १८२० साली अन्नातल्या भेसळीवर जे पुस्तक लिहिलं, त्यात विषारी कस्टर्डची वेगळी नोंद आहे. रिचमंडजवळच्या एका निवासी शाळेत चेरी लॉरेलच्या पानांचा स्वाद दिलेलं कस्टर्ड खाऊन चार मुलं गंभीर आजारी पडली होती. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट असली तरी झाड तेच आहे आणि पानही तेच. पीचच्या पानांचं कस्टर्डही जुन्या पाककृतींत सापडतं. तिथेही बदामी वासाचं मूळ तेच आहे, आणि मी ते कुणालाही सुचवणार नाही.

माझा नियम साधा आहे. झाडाची ओळख शास्त्रीय नावापर्यंत पटलेली नसेल तर पान दुधात घालायचं नाही. नर्सरीतून शोभेसाठी आणलेल्या झाडावर खाण्यासाठी नसलेली कीटकनाशकं मारलेली असू शकतात, तेव्हा तीही नकोत.

---

अवनी_क

बाप रे, चेरी लॉरेलचं अजिबात माहीत नव्हतं. मला मसाल्याच्या डब्यातलं तमालपत्र वापरायचं होतं. ते चालेल का? परदेशी पाककृतींत बे लीफ असतं ते हेच ना?

---

वनस्पतीनाद

चालेल, पण ते झाड वेगळं. मसाल्याचं तमालपत्र म्हणजे सिनॅमोमम तमाला, दालचिनीच्या कुळातलं. पान उलटून बघा. देठाजवळून निघून टोकापर्यंत जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसल्या तर तमालपत्र. मधोमध एकच शीर आणि तिला बाजूला फुटलेल्या बारीक शिरा असतील तर बे लॉरेल. आपल्या तमालपत्राचा वास लवंग-दालचिनीकडे झुकतो, लॉरेलचा निलगिरीच्या बाजूने जाणारा आणि थोडा फुलांसारखा. दोन्हीचं कस्टर्ड छान होतं, पण एकाच्या पाककृतीत दुसरं टाकलं तर वेगळाच पदार्थ होईल.

---

पर्णिका

@अवनी_क, ५०० मिली दुधाला वाळलेली २ पानं पुरेत. अर्ध्यात मोडून घाला आणि २० मिनिटांनी चाखायला सुरुवात करा. ही पानं सुरुवातीला काहीच देत नाहीत असं वाटतं आणि मग एकदम कडवट, औषधी होतात. अंजिराचं पान थोडं विसरलं तरी चालतं, या पानांना विसरून चालत नाही. इथे साखर थोडी वाढवून ८५ ग्रॅमपर्यंत नेली तर कडवटपणा निवतो.

---

चिमूटभर

मी चहाच्या पानांचं सांगू का? चहा म्हणजे पानच की.

काळा चहा असेल तर उकळीजवळच्या दुधात ४-५ मिनिटं, त्यापुढे नाही. चव कमी वाटली की आपला हात आपोआप वेळ वाढवण्याकडे जातो, आणि तिथेच तुरटपणा येतो. वेळ तीच ठेवावी आणि पत्ती वाढवावी. दुधातली प्रथिनं चहातल्या टॅनिनला धरून ठेवतात, त्यामुळे दुधात चहा पाण्यापेक्षा सौम्य लागतो. एरवी एका कपाला जेवढी पत्ती घालता त्याच्या दुप्पट घाला. पत्तीची पूड नको, मोठं पान घ्या, नाहीतर गाळणीतून खाली उतरते आणि तळाशी करडा थर बसतो.

भाजलेल्या जपानी हिरव्या चहाचं, होजिचाचं कस्टर्ड तर मला सगळ्यांत आवडतं. त्याचा खरपूस वास कॅरॅमलशी इतका जुळतो की वर जळकी साखर घातली तर दोन्ही वेगळे ओळखू येत नाहीत.

---

निळसर_कडा

लिंबाचा वास हवा असतो पण लिंबाचा रस घातला की दूध फाटतं. साल किसून घालते, पण ती मधेच दाताखाली येते. पानांतून जमेल का?

---

पर्णिका

@निळसर_कडा, तुमच्यासाठीच जणू गवती चहा आहे! त्याच्यात आणि लेमन व्हर्बेनाच्या पानात सिट्रल असतं, लिंबाच्या सालीतल्या वासाचा मोठा भाग त्याचाच. पण आम्ल नाही. त्यामुळे वास लिंबाचा येतो आणि दूध सुरक्षित राहतं. गवती चहाची पात बत्त्याने ठेचून, लांबलचकच गाठ मारून टाका, म्हणजे काढताना सोपं जातं. २०-२५ मिनिटं. मकरूट लिंबाची दुहेरी दिसणारी पानं मिळाली तर तीही घ्या, मधली शीर काढून टाका.

पुदिन्याचं मात्र वेगळं. त्याला उष्णता सोसत नाही, दहा मिनिटांच्या पुढे शिजवलेल्या भाजीचा वास येऊ लागतो. पुदिना, तुळशीच्या वर्गातली बेसिलची पानं, अशी मऊ पानं थंड क्रीममध्ये रात्रभर फ्रिजमध्ये मुरवावीत. क्रीममधला स्निग्धांश हा वास ओढून घेतो, कारण ही सुगंधी द्रव्यं पाण्यापेक्षा तुपातच अधिक विरघळणारी असतात. दुसऱ्या दिवशी गाळायचं, गरम करायचं आणि पुढे नेहमीप्रमाणे. इथे एन्झाइमचा प्रश्न नाही, म्हणून थंड मुरवण चालतं. अंजिराच्या पानाला हीच पद्धत लावू नका.

पांदानचं पान मिळत असेल तर वाटीभर कस्टर्डला एक पुरे होतं. सुवासिक तांदूळ शिजताना जो वास येतो तो ज्या रेणूमुळे येतो, तोच रेणू पांदानमध्ये आहे. आग्नेय आशियात पांदान आणि नारळाच्या दुधाचं अंडं घातलेलं कस्टर्ड वाफवून करतात, बेक करत नाहीत.

---

मंदआच

वाफवण्यावरून आठवलं. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड बुडाच्या पातेल्यात हे सुखाने करावं. तळाशी जाळी, बोटभर पाणी, प्रत्येक वाटीवर फॉइल घट्ट बसवलेलं. झाकण किंचित तिरकं ठेवायचं, पूर्ण बंद केलं की आत १०० अंशांची वाफ कोंडते आणि कस्टर्डला जाळी पडते. पाणी खळखळता कामा नये, नुसतं हललं पाहिजे. पंधरा मिनिटांनंतर दर दोन-तीन मिनिटांनी वाटी हलवून बघायची. माझ्याकडे तर थर्मामीटर हाच खरा मित्र आहे.

जाळी पडण्याचं कारणही लिहितो. पिवळ्या बलकाचं कस्टर्ड ८५ अंशांच्या वर गेलं की प्रथिनं एकमेकांना इतकी घट्ट ओढतात की मधलं पाणी पिळून बाहेर पडतं. चमचा घातला की पाणी सुटतं ते यामुळेच. ते परत दुरुस्त होत नाही.

---

सकाळची_साय

माझा प्रश्न वाटी उलटून ताटलीत काढण्याचा आहे. वरच्या प्रमाणाने केलं तर उलटवता येईल का? तळाशी कॅरॅमल घालायचं आहे.

---

पर्णिका

@सकाळची_साय, नाही, हे प्रमाण वाटीतूनच खायचं. नुसत्या बलकांचं कस्टर्ड मऊ आणि लोण्यासारखं होतं, पण त्याला स्वतःच्या बळावर उभं राहता येत नाही. उभं राहायला पांढऱ्याची प्रथिनं लागतात. तुम्ही ५०० मिली दुधाला २ पूर्ण अंडी आणि ३ बलक घ्या, क्रीम कमी करून १०० मिलीवर आणा आणि बाकी दूध घ्या. हे कस्टर्ड मध्यभागी ८० ते ८२ अंशांपर्यंत न्यावं लागतं. रात्रभर गार करा, कडेने पातळ सुरी फिरवा, मग उलटा.

कॅरॅमल गडद करा. फिकट कॅरॅमल नुसतं गोड लागतं, आणि अंजिराच्या पानाला त्या कडवट बाजूची गरज असते.

---

अवनी_क

आणि अंडं न घालता? घरात काही जण खात नाहीत, पण पानांचा स्वाद त्यांनाही द्यायचा आहे.

---

चिमूटभर

@अवनी_क, दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे कॉर्नफ्लोअरची. कस्टर्ड पावडरीचा जन्मच त्यातून झाला. बर्मिंगहॅममधल्या आल्फ्रेड बर्डने १८३७ साली ती बनवली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. पण ते शेगडीवर शिजवायचं कस्टर्ड, बेक केल्याचा पोत त्यात येत नाही.

बेक करायचं असेल तर दुसरी वाट. २५० ग्रॅम टांगून पाणी काढलेलं घट्ट दही, २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १५० मिली पान मुरवलेलं क्रीम. क्रीम पूर्ण गार झाल्यावरच दह्यात मिसळा. गुठळी राहू देऊ नका. वाट्यांत ओतून वॉटर बाथमध्ये १५० अंशांवर २५ ते ३० मिनिटं. इथे दुधाचीच प्रथिनं दह्याच्या आंबटपणाने आणि उष्णतेने जुळून येतात. आंबटपणाबरोबर चांगली जातात ती पानं निवडा. गवती चहा उत्तम, अंजीर चांगलं, तमालपत्र मला नाही आवडलं.

---

निळसर_कडा

गवती चहाचं आजच मुरत ठेवलं आहे. शेवटचा प्रश्न: दूध चाखून बघितलं तर वास जरा जास्तच वाटतो आहे. थोडं साधं दूध घालून सौम्य करू का?

---

पर्णिका

@निळसर_कडा, करू नका! गरम दुधात वास नेहमी जास्त वाटतो. त्यात अजून बलक मिसळायचे आहेत, आणि थंड पदार्थात वास आणि गोडी दोन्ही दबतात. गरम दुधात 'जरा जास्त' वाटणारं फ्रिजमधून काढल्यावर बरोबर लागतं. खाण्याआधी वीसेक मिनिटं वाट्या बाहेर काढून ठेवा, तेवढ्याने वास पुन्हा उघडतो. झाकून ठेवलं तर दोन दिवस छान राहतं, त्यापुढे ठेवू नका. वर साखर जाळायची असेल तर ती अगदी वाढायच्या वेळी, नाहीतर कस्टर्डच्या ओलाव्याने ती विरघळते.

गवती चहाचं कसं झालं ते इथेच लिहा, आणि किती पाती घेतल्या तेही.